सहा तासांचं 'लवकरच'

हेस्टर आर्चबोल्डच्या घरी मी पहिल्यांदा गेले, त्याच दिवशी तिची बोलणी खाल्ली. तिच्या पायाच्या जुन्या जखमेला पट्टी बांधून झाली होती आणि सायकलला टांग मारता मारता मी सहज म्हटलं, "लवकरच येते हं परत."

"म्हणजे कधी?" ती दारातूनच म्हणाली.

"अहो, म्हणजे... लवकरच."

"सहा तासांनी की बारा? संध्याकाळी येणार असशील तर चहाला थांबते."

मला वाटलं, बाई थट्टा करतेय. मी हसले. ती हसली नाही. "गुरुवारी येणार ना? मग गुरुवारी म्हण. तोंड दिलंय म्हणून काहीही बोलायचं नसतं, पोरी."

या गावात आपलं काही खरं नाही, असं मनाशी म्हणत मी सायकल हाणली. स्कार्विकला नर्स म्हणून येऊन मला तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता. चार गावांत फिरायचं, म्हाताऱ्यांच्या पट्ट्या बदलायच्या, बाळंतिणींना दटावायचं, हे माझं काम. ते काम मला येत होतं. इथल्या माणसांचं बोलणं मात्र मला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं, आणि त्यातला पहिला धडा हा एकच शब्द होता. इंग्रजीत त्याचा उच्चार 'सून' असा. मी तो किस्सा पत्रातून मिरजेला आईला कळवला, तर तिचं उत्तर आलं, "तिथेसुद्धा सुनेची एवढी धास्ती आहे होय?" मला हसू आलं. धास्ती होतीच, फक्त वेगळी.

रेडिओवर दर्यावर्दी लोकांसाठी वाऱ्याचे इशारे देतात. त्यात वादळ कधी येणार हे सांगायला तीनच शब्द आहेत. 'एवढ्यात' म्हटलं की सहा तासांच्या आत. 'लवकरच' म्हटलं की सहानंतर आणि बाराच्या आत. 'नंतर' म्हटलं की बाराच्याही पुढे. आणि हे तास मोजायचे ते इशारा निघाला त्या घडीपासून, तुमच्या कानावर पडला तेव्हापासून नव्हे. बाकी साऱ्या इंग्लंडात हा शब्द लोक ढेकर दिल्यासारखा वापरतात. दवाखान्याच्या पत्रात 'लवकरच बोलावू', बसच्या थांब्यावर 'लवकरच येईल', मुलीचं लग्न 'लवकरच'. स्कार्विकमध्ये त्याला सहा तासांचं वजन होतं. 'एवढ्यात' ऐकलं की कुणी होडीला हात लावत नसे. 'नंतर' ऐकलं की कुणी मान वर करत नसे. 'लवकरच' ऐकलं की सगळे होड्यांकडे धावत सुटायचे, कारण पहिल्या सहा तासांत जाऊन परत येता येत असे. एकदा नव्या पाद्रीबुवांनी प्रवचनात सांगितलं, प्रभू लवकरच येणार आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे जेवण उरकायला वेळ आहे."

हे इशारे पाटीवर लिहायचं काम हेस्टरचं. दोर ठेवायच्या खोलीच्या भिंतीवर छपराची एक जुनी काळी फरशी ठोकलेली होती, तीच पाटी. हेस्टर सकाळी सहाला उठायची, रेडिओ लावायची आणि तो चालू असताना घरात पाहुणा असला तरी त्याला तोंड उघडू द्यायची नाही. मग एप्रनच्या खिशात खडू टाकून धक्क्यावर जायची आणि चार गोष्टी लिहायची. टाइन हा आपला समुद्राचा भाग, वारा नि त्याच्या जोराचा आकडा, तो शब्द, आणि इशारा निघाल्याची वेळ. पाचवी गोष्ट नाही.

पाचवी गोष्ट लिहिल्याने तिचा बाप गेला होता. तेव्हा पाटी तिचा काका लिहायचा आणि तो फार मायाळू माणूस होता. एका सकाळी त्याने इशाऱ्याखाली आपल्या मनाने लिहिलं, 'दुपारपर्यंत काळजी नको.' बाप काळजी न करता दर्यावर गेला. हेस्टर तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुढच्या आठवड्यात तिने काकाच्या हातातून खडू घेतला आणि मग तो कुणाला दिला नाही. लग्न केलं नाही. खेकडे उकडून त्यांचं मांस काढून द्यायचं, हा तिचा धंदा. धाकटा भाऊ छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा त्याचा सहा वर्षांचा विल्फ तिच्या पदरात आला, त्याला वाढवला, आणि तो होडीवर जायला लागला तसं पाटी लिहिताना तिचा हात आणखी दाबून चालायला लागला. हे मला तिने सांगितलेलं नाही. नेड लिडल नावाचा म्हातारा कोळी सांगायचा, की विल्फ होडीवर गेल्यापासून हेस्टरची अक्षरं धक्क्याच्या टोकावरून वाचता येतात.

पाटीचा एक नियम होता. तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, आणि हेस्टरने लिहिलेल्याला कुणी धक्क्यावर उलट बोलायचं नाही. हा नियम कुणी केला, कधी केला, विचारलं तर सगळे खांदे उडवायचे. होडीवर डुकराचं नाव काढायचं नाही, त्यातलाच हा एक.

आता त्या सोमवारची गोष्ट.

इकडे उन्हाळ्यात साऱ्या देशाची घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबर संपताना एका रविवारी पुन्हा मागे घेतात. दर्यावरचे इशारे मात्र बारा महिने मूळच्याच वेळेने निघतात. म्हणून उन्हाळाभर हेस्टर रेडिओवर सांगितलेल्या वेळेत एक मिळवून पाटीवर लिहायची. रेडिओवर पाच म्हणाले की पाटीवर सहा. घड्याळं मागे गेली की मिळवायचं थांबवायचं. रविवारी स्कार्विकच्या होड्या निघत नाहीत, देवाचा दिवस म्हणून पाटीसुद्धा कोरी असते. त्यामुळे नव्या वेळेची पहिली पाटी पडायची ती सोमवारी.

त्या सोमवारी मी साडेनऊला तिच्याकडे गेले. पाय स्टुलावर घेऊन मी जुनी पट्टी सोडवली. बाहेर ऊन होतं, वारा मुळीच नव्हता.

"होड्या गेल्यात?" मी विचारलं.

"तिन्ही गेल्यात. उत्तरेचा वारा यायचाय, आठाच्या जोराचा. लवकरच. खेकड्यांचे पिंजरे अजून पाण्यात आहेत, आज उचलले नाहीत तर खडकावर आपटून काड्या होतील. विल्फचे तर बाहेरच्या खडकांपाशी आहेत. जाणार आणि येणार, वेळ आहे."

मी नवी पट्टी गुंडाळायला घेतली आणि गप्पांच्या ओघात माझीच फजिती सांगायला लागले. "काल काय केलं माहितेय का? घड्याळ मागे करायचं विसरले. नटूनथटून चर्चमध्ये गेले तर दार बंद. एक तास पायरीवर बसले. येणारेजाणारे म्हणतायत, नर्सबाईंना भक्ती फार!"

तिचा पाय माझ्या हातात ताठ झाला.

"दुखलं का?"

"सकाळी मी एक मिळवला," ती म्हणाली.

"कशात?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला वीस कमी. मग उठली आणि तशीच दाराबाहेर पडली. पट्टी अर्धी बांधलेली, अर्धी मागे लोळतेय. "अहो हेस्टरबाई, पाय!" करत मी मागून धावले. उतारावर त्या पट्टीचं टोक माझ्या बुटाखाली येऊन ती पडता पडता राहिली, तरी थांबली नाही.

पाटीसमोर गेल्यावर मला समजलं. पाटीवर लिहिलं होतं: टाइन. उत्तर, आठ. लवकरच. सहा वाजता. रेडिओवर पाच सांगितले होते. सात महिन्यांच्या सवयीने हात एक मिळवून मोकळा झाला होता. पाटी वाचणारा माणूस सहात सहा मिळवणार आणि म्हणणार, बारापर्यंत दर्या आपला. खरं म्हणजे तो अकरापर्यंतच होता.

तिने तळहाताने सहा पुसला आणि पाच लिहिला. खडू मोडला. मोडलेल्या तुकड्याने तिने तोच पाच पुन्हा गिरवला.

"आता कोण वाचणार ते?" मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं. "सगळे तर पाण्यात आहेत."

"म्हणून खोटं राहू देऊ?"

दोर ठेवायच्या खोलीतून ऑड्रे बाहेर आली. ऑड्रे ही विल्फची बायको. विल्फच्या होडीवर दोघेच असायचे, विल्फ आणि ऑड्रेचा भाऊ कॉलिन, म्हणजे एका होडीत तिचं सारं घर. तिने पाटीकडे पाहिलं, मग हेस्टरकडे, मग त्या लोळणाऱ्या पट्टीकडे.

"सकाळी सहा होते," ती म्हणाली.

"चुकले होते. माझ्या हातून."

ऑड्रेने ओठ हलवत बोटांवर मोजलं. शाळेतल्या मुलीसारखं तिने ते दोनदा मोजलं, जणू दुसऱ्या वेळी उत्तर वेगळं येईल. "विल्फ म्हणाला होता, बाराला दहा कमी असताना आत येतो. तो तुमच्या पाटीप्रमाणेच येणार. मिनिटसुद्धा इकडचं तिकडे करायचा नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग आता?"

विल्फच्या होडीवर बोलायचं यंत्र नव्हतं. एक छोटा रेडिओ होता, पण इंजिनाच्या धडधडीत तो कोण ऐकतो. बाहेरचे खडक दोन मैलांवर. धक्क्यावरून तिकडे पाहिलं तर काही दिसत नव्हतं, नुसतं चकचकीत पाणी. इतका गोड दिवस होता तो, की मला राग आला त्या दिवसाचा.

मी हेस्टरला एका पेटीवर बसवलं आणि तिथेच पट्टी पुरी केली. वीस वर्षं जखमा बांधणारी बाई मी, साधी गाठ बसेना. मनात एकच चाललं होतं. हिचा विल्फ बुडाला तर ही त्यानंतर एक दिवससुद्धा जगणार नाही, आणि जगली तर ते मरणापेक्षा वाईट. 'लवकरच' म्हणजे अकरा ते संध्याकाळचे पाच यांच्या मधलं काहीही. वारा पाचला आला तर कुणाला काही कळणारही नाही. मी देवाला तेच सांगत होते, बाबा रे, पाच वाजव.

पावणेअकराला दोन होड्या आल्या. आधी रेनर भावांची, मागून नेड लिडलची. पिंजरे रचून आणलेले, घाई नाही, गडबड नाही. हेस्टर धक्क्याच्या कडेला गेली.

"नेड! विल्फ दिसला का?"

"आमच्या बाजूला नव्हता. तो बाहेरच्या खडकांकडे." नेडने दोर फेकला. मग त्याची नजर पाटीवर गेली, पाचाच्या आकड्यावर, आणि त्याने पटकन नजर काढून घेतली. ते हेस्टरने पाहिलं.

"तू लवकर कसा आलास?" तिने विचारलं. "पाटीवर सहा होते. तुला बारापर्यंत वेळ होता."

नेड दोर गुंडाळत राहिला.

"नेड लिडल, मी तुझ्याशी बोलतेय."

"हेस्टर, जाऊ दे ना. आलो ते आलो."

"तुला ठाऊक होतं!"

नेडने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "घड्याळं फिरल्यावरच्या सोमवारी तू एक जास्त लिहितेस. गेल्या वर्षीही लिहिला होतास. आम्ही मनातल्या मनात वजा करतो. त्यात काय मोठंसं."

"गेल्या वर्षीही?"

"गेल्या वर्षी वारा नव्हता."

"आणि बोलला नाहीस? माझ्या तोंडावर सांगितलं नाहीस?"

"पाटीला कुणी बोलतं का कधी?" नेडचा आवाज चढला. "तुझ्या बापाच्या मागे तू ही पाटी धरलीस. चाळीस वर्षं. चारचौघांत तुला चूक काढून दाखवायची? जीभ रेटत नाही, बाई!"

"आणि विल्फ?"

धाकटा रेनर आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "आम्हाला वाटलं, त्याला ठाऊक असेल. घरचाच माणूस."

ऑड्रेने त्याच्या थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती जाऊन धक्क्याच्या टोकाला उभी राहिली, हात एप्रनमध्ये गुंडाळून. मला राहवलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जगातल्या सगळ्या नर्स जे म्हणतात तेच म्हटलं. "येतील गं. येतील लवकरच."

ती माझ्याकडे वळली. "तो शब्द नको, नर्स. आज तरी नको."

अशा वेळी काय बोलायचं ते मला अजूनही येत नाही. जे आधीच सुचायला हवं होतं ते तेव्हा सुचलं आणि मी टेलिफोनच्या खोक्याकडे पळाले. शेजारच्या बंदरात लाइफबोट असते, तिथे फोन लावला, होडीचं नाव सांगितलं, खडक सांगितले. पलीकडचा माणूस शांत होता, नीट लिहून घेत होता. म्हणाला, माणसं गोळा करतोय, लवकरच निघतो. मी धापा टाकत परत येऊन हेस्टरला तेच सांगितलं.

"कोणतं लवकरच?" ती ओरडली. "त्याचं की आपलं? विचारलं नाहीस तू?"

मी पुन्हा चढ चढून गेले आणि विचारून आले. वीस मिनिटं. हेस्टरने मान हलवली. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती हळूहळू स्वतःशीच आकडे म्हणत होती. पाच आणि सहा अकरा. पाच आणि सहा अकरा.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पाणी काळं झालं. आधी वारा आला नाही, आधी रंग आला. उत्तरेकडून एक गडद पट्टा सरकत आला, मग खोलीवरच्या पत्र्याने आवाज केला, मग बायकांच्या स्कर्टचे फुगे झाले, आणि पाच मिनिटांत उभं राहणं कठीण झालं. बंदराचं तोंड अरुंद आहे आणि तळ उथळ. उत्तरेच्या वाऱ्यात तिथे लाट फुटायला लागली की आत येणं म्हणजे जिवावरचा खेळ. अर्ध्या तासाने ती फुटायला लागली.

त्या अर्ध्या तासात हेस्टर एकदाच बोलली. माझं मनगट धरून म्हणाली, "काकाला मी काय काय बोलले होते माहितेय? खुनी म्हणाले होते. सगळ्यांसमोर. तो बिचारा त्यानंतर धक्क्यावर आलाच नाही." मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम केलं नाही." ती म्हणाली, "त्यानेही नव्हतं केलं."

बाराला पंधरा कमी असताना धाकट्या रेनरला होडी दिसली. दिसायची, नाहीशी व्हायची. नाहीशी झाली की ऑड्रेच्या घशातून एक बारीक आवाज निघायचा, पुन्हा दिसली की थांबायचा. विल्फने अर्धे पिंजरे पाण्यात ढकलून दिले होते, ते लांबूनही कळत होतं, होडी हलकी चालत होती. तोंडाबाहेर येऊन तो थांबला. थांबला म्हणजे लाटांवर नाचत राहिला. आतून पाहणाऱ्याला दोन लाटांमधली उसंत दिसते, होडीतल्याला मागचं दिसत नाही. म्हणून इथे धक्क्याच्या टोकावर एक माणूस उभा राहतो आणि उसंत आली की हातातलं कापड वर करतो.

नेड आपला पिवळा कोट काढून टोकावर गेला. लाटेचं पाणी त्याच्या कमरेवर आपटत होतं. एक मोठी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. नेडने कोट वर केला नाही. "अरे कर ना!" ऑड्रे किंचाळली. चौथी गेली. मग त्याने दोन्ही हातांनी कोट डोक्यावर उडवला आणि विल्फने इंजिन भरधाव सोडलं. होडी तोंडात शिरली, आडवी झाली, मला वाटलं संपलं, आणि मग ती आत होती, शांत पाण्यात, पाण्याने गच्च भरलेली. मी रडत होते. कशी कोण जाणे, पण मोठमोठ्याने मराठीत देवाचं नाव घेत होते.

कॉलिनच्या तळव्याला दोराने कापलं होतं. मी तिथेच पेटीवर बसवून सात टाके घातले. ऑड्रे त्याचं डोकं धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने विल्फची ओली बाही. विल्फ सगळ्यांकडे बघत होता. रेनरांच्या होडीत नीट रचलेले पिंजरे, नेडच्या होडीत नीट रचलेले पिंजरे.

"तुम्ही कधी आलात?" त्याने विचारलं.

"पावणेअकरा," धाकटा रेनर म्हणाला.

विल्फ पाटीकडे गेला. पाच वाचले. बराच वेळ वाचले. हेस्टर पुढे झाली. "तास माझा चुकला, विल्फ. मी एक जास्त मिळवला. यांना कळलं होतं. तुला कुणी सांगितलं नाही. पण चूक माझीच."

चाळीस वर्षं जिच्या तोंडातून 'चूक माझीच' कुणी ऐकलं नव्हतं, ती हे मोठ्याने, वाऱ्यावर ओरडून म्हणत होती. विल्फने तिच्याकडे पाहिलं नाही. ऑड्रेचा हात धरला आणि घरी निघून गेला. लाइफबोट आली, परत गेली. लोक पांगले.

मी संध्याकाळी हेस्टरकडे गेले. जखम पुन्हा बघायची होती, हे निमित्त. ती अंधारात बसली होती. चहा झाला नव्हता, चूल पेटली नव्हती. "खडू कुणाला तरी देऊन टाका," मी म्हटलं. "वय झालं. कुणी नावं ठेवणार नाही."

"देऊन काय होणार? घेणाऱ्याचीही चूक हे असेच पोटात घालतील. माणूस चुकतोच गं. मी चुकले याचं मला मरेपर्यंत दुखेल, पण त्यापेक्षा..." ती थांबली. "दोन वर्षं ते माझी पाटी वाचून मनात वजा करत होते. मान देत होते म्हणे! असला मान चुलीत घाल." मग म्हणाली, "उद्या सकाळी तू ये धक्क्यावर. मला एकटीला धीर होणार नाही."

"काय करणार आहात?"

"ये तर खरी."

मंगळवारी वारा तसाच होता, कुणी पाण्यात जाणार नव्हतं. तरी सवयीने सगळे पावणेसातला धक्क्यावर जमले, नेड, रेनर भाऊ, हाताला पट्टी घातलेला कॉलिन. विल्फ सगळ्यांच्या मागे, दूर उभा होता. ऑड्रे त्याच्या बाजूला. आत्या आणि पुतण्या यांच्यात अजून एक शब्द झाला नव्हता.

हेस्टर आली. खिशातून खडू काढला आणि लिहिलं: टाइन. उत्तर, आठ. लवकरच सहा होईल. म्हणजे वाऱ्याचा जोर आठावरून सहावर उतरणार होता. आणि खाली, धक्क्याच्या टोकावरून वाचता येईल अशा अक्षरात, वेळ: सहा वाजता.

सकाळी मी तिच्याच स्वयंपाकघरात उभी होते, रेडिओवर पाच सांगितले होते, मी माझ्या कानांनी ऐकले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्याकडे असं पाहिलं, की माझे ओठ आपोआप मिटले. मग मला उमगलं, हे तिने मुद्दाम चुकीचं लिहिलंय.

ती पाटीला पाठ लावून उभी राहिली. "वाचा," ती म्हणाली. "चूक असेल तर बोला."

नेडने वाचलं. त्याच्या भुवया हलल्या. त्याने टोपीला हात लावला आणि समुद्राकडे पाहायला लागला. थोरल्या रेनरने वाचलं, घड्याळ पाहिलं, घसा खाकरला, आणि खाकरून गप्प बसला. धाकट्याने बूट पाहिले. सगळ्यांना कळलं होतं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट होतं, आणि कालच दोन माणसं मरता मरता वाचली होती, तरी एकाचीही जीभ उचलेना. हेस्टरचे हात मागे होते. मला तिच्या बाजूने दिसत होतं, खडू तिने इतका घट्ट धरला होता की बोटांतून पांढरी भुकटी गळत होती.

"मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. आवाज फाटला. "थंडीत मेले तरी चालेल."

मग मागून पावलं वाजली. विल्फ गर्दीतून पुढे आला. तिच्यासमोर उभा राहिला, इतका जवळ की आता हा ओरडणार असं मला वाटलं.

"पाच," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सहा नाही, पाच. तू चुकलीस, आत्या. पूस ते."

हेस्टरने डोळे मिटले. मग वळली, बाहीने वेळेतला सहा पुसला आणि त्या जागी पाच लिहिला, आणि तो लिहून होईपर्यंत विल्फ तिथेच उभा राहून बघत होता.